तीन वाजताचा सराव

९ डिसेंबर

सांख्यिकीच्या पेपरात तिसऱ्या प्रश्नावर होतो, मांडीशी फोन थरथरला आणि मी तो बाकाखाली धरून वाचला. तोच तो क्षण. माझ्या आयुष्याचे दोन भाग झाले असतील तर तिथे झाले.

प्रेअरी कॉन्फरन्स, म्हणजे आमच्या कॉलेजांची फुटबॉल लीग, बरखास्त. नऊ कॉलेजं होती, सात जणांना टीव्हीचे मोठे करार असलेल्या कुठल्या ना कुठल्या लीगने उचललं. पाच पूर्वेकडे गेली, दोन टेक्सासकडे. उरलो आम्ही आणि साठ मैलांवरचं वेस्टमार्क. कॉन्टिनेन्टल लीग या उत्तरेच्या भागातून अजून एकच कॉलेज घेणार आहे, ते कोणतं हे ठरायचंय. आमच्याबद्दल बातमीत अगदी शेवटी एक ओळ होती : ‘कोटो स्टेटचे भवितव्य स्पष्ट नाही.’ शंभराहून जास्त वर्षं फुटबॉल खेळतोय आम्ही, आणि स्पष्ट नाही!

मी उठलो. सर म्हणाले, “मिस्टर हॉगलंड, बाथरूमला जायचं असेल तर फोन इथे ठेवून जा.”

“बाथरूमला नाही, कायमचाच चाललोय.”

पोरं हसली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती आणि जॅकेट आत राहिलं होतं. आणायला गेलो नाही. असल्या वेळी जॅकेटसाठी परत फिरणारा माणूस मी नव्हे.

११ डिसेंबर

आईला आज कळलं. ती शाळेची बस चालवते, त्यामुळे गावातली प्रत्येक गोष्ट तिला मागच्या सीटवरून कळते.

“लोकांची पोरं दारूपायी कॉलेज सोडतात,” ती म्हणाली. “पोरीपायी सोडतात. माझ्या पोराने टीव्हीच्या करारापायी सोडलं.”

“आई, कॉन्टिनेन्टलमध्ये गेलो नाही तर हे गाव संपलं. तुला कळतंय का? शनिवारी इथे काय होणार? लोक काय करणार?”

“कपडे धुतील,” ती म्हणाली.

पोरीपायी नाही असंही नाही, पण ते मी तिला सांगितलं नाही. ब्रिटा विमानतळावर इंधनाच्या काउंटरला बसते. शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं होती. एप्रिलमध्ये मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “ट्रिगी, तू आधी काहीतरी हो, मग बघू.” लोक याचा अर्थ नकार असा लावतात. ‘मग बघू’ म्हणजे नकार कसा? नकार म्हणजे नाही. ती नाही म्हणालेली नाही.

उद्यापासून तळघरातून रोज दुपारी इंटरनेटवर कार्यक्रम सुरू करतोय. आमच्या संघाचा पक्षी सारस, म्हणून नाव ‘सारसाची चोच’. माईक जुना आहे, पण माझ्या आवाजाला चालतो.

२० डिसेंबर

आमच्या या जगात कोणी खरं बोलत नाही. कॉलेजचा अध्यक्ष नाही, कोच नाही, लीगचा कमिशनर तर नाहीच नाही. खरं बोलतं फक्त विमान. कोणाचं विमान कुठे उतरलं ते कळलं की कोण कोच कुठे जाणार, कोणतं कॉलेज कोणत्या लीगमध्ये जाणार, सगळं कळतं. देशभर माझ्यासारखे शेकडो लोक शेपटीवरचे नंबर बघत बसलेले असतात. पण आता पैसेवाले हुशार झालेत, विमानं नकाशावरून लपवतात.

इंधन भरणाऱ्या मुलीपासून मात्र लपवता येत नाही.

मंगळवारी ब्रिटाने स्वतःहून फोन केला. म्हणाली, दक्षिणेतल्या एका कॉलेजचं विमान आलंय, आपला कोच डोक्यावरून टोपी ओढून त्यात बसला. मी दहा मिनिटांत ते कार्यक्रमात सांगितलं. कोच म्हणाला, धादांत खोटं. दुसऱ्या दिवशी गेला! आमचा सगळ्यात मोठा खेळाडू, क्वार्टरबॅक, तोही त्याच्या मागोमाग, तिथे खेळाडूंना जास्त पैसे मिळतात म्हणून. गावात रडारड, पण माझं नाव झालं. पेट्रोल पंपावर माणसं हात मिळवतात.

संध्याकाळी ब्रिटाने घरी सोडलं. मागच्या सीटवर खेळविभागाचं करडं जॅकेट पडलं होतं, पुरुषाच्या मापाचं. “भावाचं,” म्हणाली. तिला भाऊ आहे हेच मला माहीत नव्हतं. माणूस प्रेम करतो म्हणतो आणि घरची साधी चौकशी करत नाही! मी ते जॅकेट नीट घडी घालून ठेवलं.

५ जानेवारी

कोल्बी श्राडरने कॉफीला बोलावलं. म्हणजे खेळविभागाचा उपसंचालक, करारबिरार सगळे तोच बघतो. केस पुढच्या हंगामासाठी आत्ताच कापून ठेवल्यासारखे.

“ब्रिटा तुझ्याबद्दल बोलत असते,” म्हणाला.

ती माझ्याबद्दल बोलते! लोकांशी! मी कॉफीत साखर घालायची विसरलो आणि तशीच प्यायलो.

त्याने जे सांगितलं ते असं. कॉन्टिनेन्टल आपल्याला घ्यायचा विचार करतंय, पण त्यांची अट आहे. पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा आपल्याला शून्य. खेळाडूंना मात्र त्यांच्या दराने वाटा पहिल्या दिवसापासून द्यायचा, आणि मैदानात प्रेक्षकांसाठी नवा मजलाही आधीच बांधायला घ्यायचा. त्यासाठी कर्ज काढायला विश्वस्तांची मंजुरी पाहिजे. सात विश्वस्त. तीन बाजूने, चार विरुद्ध. त्या चारांची म्होरकी डोरीन व्होग्ट.

“ती बाई नसती तर तीनास तीन, आणि विश्वस्तांच्या अध्यक्षांचं जादा मत आपलं,” कोल्बी म्हणाला. मग चमचा कपात फिरवत, “तिच्याविरुद्ध तू काही कर असं मी म्हणत नाहीये हं. मी आपलं सांगतोय. तिचा नंबर अजून फोनच्या जुन्या पुस्तकात आहे.”

सभ्य माणूस आहे. उठताना म्हणाला, लीगमध्ये गेलो की विभागात तुझ्यासारखा कोणीतरी लागेलच.

१० जानेवारी

व्होग्टबाई आज किराणा दुकानात भेटल्या. मी बटाटे घेत होतो. सत्तरीच्या असतील, गुरांच्या खाद्याचं गोदाम चालवतात, हात पुरुषासारखे.

“तू मार्लिसचा मुलगा ना? रेडिओवर माझं नाव घेणारा?”

“रेडिओ नाही, बाई. आणि तुम्ही गावाचा गळा घोटताय, मग नाव घेणारच.”

“बाळा, सात वर्षं ते काही देणार नाहीत. खेळाडूंचा वाटा कशातून देणार? पोरांच्या फीमधून. नर्सिंगचा वर्ग आधीच बंद करायला निघालेत.”

“सात काय, मी सत्तर वर्षं थांबेन!”

“तू थांबशील रे,” त्या म्हणाल्या. “तुला दुसरं काम काय आहे?”

आजूबाजूची माणसं बघत होती. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुम्हाला या संघाचं प्रेमच नाही, तुम्हाला काय कळणार.

त्यांनी बटाट्याची पिशवी माझ्या हातून घेतली, वजन केलं, परत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “आर्नी खेळलाय या संघाकडून. मधली फळी, चार वर्षं, हेल्मेटातलं डोकं पुढे घालून धडका देत. त्याने संघाला काय दिलं ते मी रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावताना बघते.”

आर्नी म्हणजे त्यांचा नवरा. कॅप्टन होता एके काळी. आता त्याला काही आठवत नाही, बाईंनासुद्धा कधी कधी ओळखत नाही. वाईट आहे, मान्य. पण त्याचा टीव्हीच्या कराराशी काय संबंध? भावनेचं राजकारण करतात लोक.

१४ जानेवारी

परवा कार्यक्रमात व्होग्टबाईंचा नंबर वाचून दाखवला. मी फक्त एवढंच म्हणालो की विश्वस्त हे जनतेचे आहेत आणि जनतेने त्यांच्याशी बोलावं.

जनता बोलली. काल दिवसभर त्यांचा फोन व्यस्त लागत होता. कोणी गोदामाबाहेर शेण टाकलं म्हणे. गुरांच्या खाद्याच्या गोदामाबाहेर शेण, म्हणजे ते कुठल्या गुराचं हे तरी कसं ठरवायचं! मी हे आजच्या कार्यक्रमात म्हटलं, लोक खूप हसले.

ब्रिटा म्हणाली, “जरा जास्तच होतंय का रे?” मग स्वतःच म्हणाली, “पण बाई हटवादी आहे, हे खरं.”

१७ जानेवारी

काय कार्यक्रम झाला आज! लिहितानाही हसू येतंय.

मी ऐकणाऱ्यांसमोरच व्होग्टबाईंना फोन लावला. त्यांच्या तोंडून एकदा सगळ्यांना उत्तर मिळू दे म्हणून. उचलला म्हाताऱ्याने.

“बाई आहेत का?”

“ती गोदामात गेलीय. कोण बोलतंय? कोच रस्क का?”

रस्क म्हणजे जुना कोच, आमच्या जन्माआधी मेलेला. मी ठेवणारच होतो फोन, देवाशपथ. पण पडद्यावर ऐकणाऱ्यांचे हसण्याचे मेसेज यायला लागले होते, आणि तोंडून गेलं. आवाज जाडा करून म्हणालो, “हो, रस्कच बोलतोय. कुठे आहेस तू, व्होग्ट?”

“घरी, कोच.”

“घरी? पोरं मैदानावर उभी आहेत तुझ्यासाठी. तीनला सराव आहे.”

“मला कोणी सांगितलं नाही, कोच.” त्याचा आवाज एकदम पोरासारखा झाला.

“आता मी सांगतोय ना?”

“हो कोच. आलोच, कोच. तुम्ही सुरू करू नका.”

तुम्ही सुरू करू नका! पडद्यावर लोक लोळत होते. एवढे ऐकणारे मला कधीच मिळाले नव्हते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ब्रिटाचा निरोप आला : ‘वेडा आहेस तू.’ एप्रिलपासून तिने मला स्वतःहून पाठवलेलं पहिलं विशेषण.

१८ जानेवारी

आर्नी व्होग्ट काल संध्याकाळी सापडला. विज्ञान इमारतीच्या मागे वाहनतळ आहे, तिथे पूर्वी सरावाचं मैदान होतं. दोन गाड्यांच्या मध्ये बर्फात बसला होता, शर्टावर. पायात नुसते मोजे. हेलिकॉप्टरने मोठ्या इस्पितळात नेलाय.

तो तसाही भटकायचा म्हणतात. मी तीन-चार जणांना विचारलं, सगळे म्हणाले, हो, भटकायचाच. म्हणजे नेहमीचंच होतं ते.

१९ जानेवारी

शेरिफचा माणूस आला होता. दारात उभं राहून बूट झटकले.

“गंमत होती ना रे ती?”

“गंमतच होती.”

“झालं तर मग.” त्याने काहीतरी लिहिल्यासारखं केलं. जाता जाता वळला. मला वाटलं, आता पकडतो. म्हणाला, “काय रे, कॉन्टिनेन्टलचं काय ऐकतोयस?”

आई माझं ताट वाढून ठेवते आणि स्वतःचं जेवण घेऊन बाहेर बसमध्ये जाऊन बसते. खिडकीतून दिसते मला, स्टिअरिंगवर ताट ठेवून खाताना. काय म्हणायचंय ते तोंडाने बोल ना! आमच्या घराण्यात बोलायची पद्धतच नाही.

२३ जानेवारी

जिंकलो!

व्होग्टबाई इस्पितळात, त्यामुळे तीनास तीन, आणि अध्यक्षांचं जादा मत. कर्ज मंजूर. हॉल खचाखच भरला होता, सगळे करड्या-लाल रंगात. सुरुवातीला अध्यक्ष म्हणाले, आपले माजी कॅप्टन आर्नी व्होग्ट यांच्यासाठी सर्वांनी एक मिनिट शांत उभं राहावं. मागून कोणीतरी ओरडलं, “अहो, जिवंत आहे तो!” अध्यक्ष म्हणाले, “मग प्रार्थना म्हणून.” उभे राहिलो.

कोल्बीने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. ब्रिटा त्याच्या पलीकडच्या खुर्चीवर होती. दोघं एकाच गाडीतून आले, विमानतळ त्याच्या वाटेवरच पडतं.

पायाची बोटं काढली म्हणे आर्नीची. सगळी.

२७ जानेवारी

हा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

अकराच्या सुमाराला ब्रिटाचा फोन. “ट्रिगी, कॉन्टिनेन्टलचं विमान आलंय. स्वतः कमिशनर आहे.”

“इथे? उतरलंय?”

“माझ्या समोर उभं आहे.”

“कशासाठी आलेत? काही बोलले का?”

तिने खण बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “लीगचा कमिशनर कशासाठी येत असेल, तूच सांग.”

मी सांगितलं! सगळ्या गावाला सांगितलं! ‘कोटो स्टेट कॉन्टिनेन्टलमध्ये.’ माझा आवाज फाटला शेवटी. लूथरन चर्चची घंटा वाजली, मग कॅथलिकांची. गाड्यांचे भोंगे. शेतकरी संघाच्या दुकानात लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. नव्या मजल्यावरच्या जागांची अनामत भरायची मुदत नेमकी आजच संध्याकाळपर्यंत होती, त्यामुळे तिकीट खिडकीवर ही रांग! म्हाताऱ्या बायका थंडीत नातवंडांसाठी जागा धरत होत्या. अनामत परत मिळत नाही, पण आज ती परत कोणाला हवी होती?

फक्त आईने विचारलं, “विमानातून उतरून कोण कुठे गेलं, ते तू पाहिलंस का?”

“पाहायची काय गरज आहे, आई? विमान आलं म्हणजे आलं.”

“माझ्या बसमध्ये पोरं चढतात, उतरतात,” ती म्हणाली. “बस नुसती थांबली म्हणून शाळा आली असं होत नाही.”

हिला प्रत्येक गोष्टीत बस दिसते.

फुलं घेऊन विमानतळावर गेलो. ब्रिटा लवकर घरी गेली होती. विमानही गेलं होतं. काम झालं की थांबत नाहीत ही मोठी माणसं. फुलं काउंटरवर ठेवून आलो.

२८ जानेवारी

दुपारी एक वाजता टीव्हीवर. वेस्टमार्कच्या सभागृहात. कमिशनरने वेस्टमार्कची हिरवी टोपी डोक्यावर घातली, म्हणजे लीगने घेतलं ते त्यांना.

काल त्यांच्या धावपट्टीवर बर्फाची काच झाली होती. ती साफ होईपर्यंत विमान इथे थांबलं, तेल भरलं, आणि गेलं. अर्धा-पाऊण तास. कॉफी प्यायले असतील. बाथरूमला गेले असतील.

३१ जानेवारी

दारासमोर कचरा. खिडकीला अंडी, आणि थंडीत ती लगेच गोठतात, खरवडून निघत नाहीत. समोरच्या झाडाला कोणीतरी भुसा भरलेला सारस गळफास लावून टांगलाय. दुसऱ्या एका कार्यक्रमवाल्याने माझा नंबर वाचून दाखवला. हा माझ्याच हाताखाली शिकला, हरामखोर.

आईला तिच्या मार्गावरून काढलं. पालकांचं म्हणणं, त्या घरातली बाई आमच्या पोरांना नको. आता ती रिकाम्या बस धुते.

फोन सकाळपासून वाजतोय. मी सगळे उचलले, कारण पळपुटा नाहीये मी. “खोटारड्या, आमची अनामत दे.” “चोच ठेचून काढू.” “कोणी पैसे दिले तुला, वेस्टमार्कने?” एकाने चर्चमधल्या गाण्याच्या चालीवर शिव्या दिल्या, चांगला गात होता.

आर्नी व्होग्टवरून एकानेही शिवी दिली नाही. एवढ्या फोनांत एकानेही नाही. सगळ्या विमानाच्या. मी वाट बघत होतो की काय, कोण जाणे.

२ फेब्रुवारी

ब्रिटा काउंटरचा खण रिकामा करत होती. माझी फुलं तिथेच होती, तशीच कागदात, सुकून काळी पडलेली.

“तू खोटं बोललीस माझ्याशी.”

“काय खोटं बोलले? सांग ना. कोणता शब्द खोटा होता?”

मी आठवून बघितलं. एकही नव्हता.

“तुला माहीत होतं ते फक्त तेलासाठी थांबलेत.”

“हो. मीच भरलं.”

“मग सांगायचं होतंस!”

“कोल्बी म्हणाला, संध्याकाळपर्यंत राहू दे. खिडकी बंद होईपर्यंत. अनामत आली नसती तर कर्जाचा पहिला हप्ताच गेला नसता रे, विभागातली निम्मी माणसं घरी बसली असती.”

“आणि कोल्बी कोण लागतो तुझा?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी. “ट्रिगी,” ती म्हणाली, “त्याचं जॅकेट तू स्वतः घडी घालून ठेवलंस माझ्या गाडीत.”

त्याला वेस्टमार्कमध्ये नोकरी लागलीय. कॉन्टिनेन्टलचा पगार. दोघं शुक्रवारी जाणार. घर बघून झालंय.

“तू म्हणाली होतीस, मी काहीतरी झालो तर बघू.”

“झालास की. गावात कोण ओळखत नाही तुला?” हे ती टाकून बोलली नाही, साधं बोलली, त्याचाच जास्त राग आला. मी थंड पेयांच्या यंत्राला लाथ मारली. त्यातून एक बाटली पडली. ब्रिटाने वाकून उचलली आणि माझ्यासमोर धरली. “घे. पैसे नाही पडले.”

घेतली नाही. पायाचा अंगठा सुजलाय.

११ फेब्रुवारी

नऊ दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज घरच्या फोनवर व्होग्टबाई. आईने फोन माझ्या हातात दिला.

“उद्या अडीचला ये. सेंट ओलाफ रस्त्यावरचं शुश्रूषागृह, मागची खोली.”

मी म्हणालो, “बाई, मला तुमची माफी—”

“माफी नकोय मला. तुझा आवाज हवाय.”

१२ फेब्रुवारी

गेलो. आईने सोडलं, रिकाम्या बसमधून. उतरताना म्हणाली, “नीट ऐक त्या काय सांगतात ते.”

आर्नी खिडकीजवळच्या पलंगावर होता. मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. आडवा हाडाचा माणूस, मान अजून बैलासारखी. पांघरुणाखाली पाय जिथे संपायला हवे त्याच्या आधीच संपत होते. कपाळावर टाके, एक जुना, एक ताजा.

व्होग्टबाईंनी मला दाराशीच अडवलं. “रोज हाच प्रकार. दुपार झाली की उठतो आणि सरावाला निघतो. पायावर उभं राहता येत नाही हे त्याला पडल्यावर कळतं. उठला की परत विसरतो. हे लोक म्हणतात, पलंगाला बांधू.”

“मग?”

“बांधू देणार नाही मी. माझं तो ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. कोचचं ऐकेल. तोच आवाज काढ.”

मी म्हणालो, मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, जमतं तुला, सगळ्या गावाने ऐकलंय.

आर्नीने पांघरूण बाजूला करायला घेतलं होतं.

“व्होग्ट,” मी म्हणालो. पहिल्यांदा माझ्याच आवाजात निघालं. परत म्हणालो, जाडा करून. “व्होग्ट!”

तो पडल्या पडल्या ताठ झाला. माझ्या चेहऱ्याकडे बघत होता तरी मला बघत नव्हता. “कोच! निघालोच होतो मी.”

“आज सराव नाही.”

“का?”

“बर्फ आहे बाहेर.”

तो हसला. दात चांगले होते त्याचे. “बर्फासाठी तुम्ही कधी सराव थांबवलाय, कोच? गंमत करताय माझी.” आणि त्याने पलंगाचा कठडा धरला.

व्होग्टबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, आवाज न उतरवता, “काढून टाक त्याला.”

“काय?”

“संघातून काढ. दुसऱ्या कशाने थांबणार नाही तो. मी ओळखते त्याला.”

“बाई, हे मी नाही बोलू शकत.”

“बोलावलंस तूच ना?”

कठडा खडखडत होता. एक पाय खाली आला होता, पट्ट्यांचा पांढरा गोळा, जमीन शोधत.

“व्होग्ट, ऐक,” मी म्हणालो. “तू संघात नाहीस.”

“कोणत्या संघात?”

“आपल्या. तुला काढलंय.”

तो थांबला.  मग हळूच म्हणाला, “उशीर झाला म्हणून का? तुमचा फोन आला तसा लगेच निघालो होतो, कोच. बूटसुद्धा नाही घातले.”

मी बाईंकडे बघितलं. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

“उशिराचं काही नाही,” मी म्हणालो. “जागा नाही. दुसरी मुलं घेतली.”

“मी राखीवमध्ये बसतो. मी पाणी नेतो, कोच.”

“नाही.”

“मग मी कुणाकडून खेळू?”

“कुणाकडूनच नाही, व्होग्ट.”

मला वाटलं तो ओरडेल, निदान शिवी देईल. त्याने पाय वर घेतला. दोन्ही हात डोक्याशी नेले, हनुवटीखालचा पट्टा बोटांनी चाचपून सोडवला, आणि डोक्यावरचं काहीतरी सावकाश, कान दुमडू न देता, वर काढलं. छातीशी धरून बाहीने पुसलं. मग दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

हातात काहीच नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. त्याचे हात हळूहळू खाली यायला लागले, जड असल्यासारखे.

“घे त्याच्याकडून,” व्होग्टबाई म्हणाल्या.

मी घेतलं.

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि हात गुडघ्यांमध्ये घालून पडून राहिला. पॅसेजमधल्या टीव्हीवर तीनच्या बातम्या लागल्या. तो हलला नाही. बाईंनी पांघरूण त्याच्या खांद्यापर्यंत ओढलं आणि खुर्ची त्याच्याजवळ सरकवली.

“उद्या येऊ का?” मी विचारलं. माझा आवाज अजून जाडाच होता.

“कशाला? काढलंस ना त्याला?” त्या मागे न बघता म्हणाल्या. “जाताना दार लाव. टीव्हीचा आवाज येतो आत.”

मी बाहेर आलो. हात अजून तसेच होते, छातीपुढे, मध्ये एका डोक्याएवढं अंतर. त्याने दिलेलं ते कुठे ठेवायचं कळेना. एक नर्स माझ्याकडे बघत गेली. दाराच्या कडेत पाय अडकवून मी दार पायानेच ओढून घेतलं.